टोपलीच्या पोटातला साचा

मी साचा बोलतोय. टोपली विणायचा साचा. मेपलच्या भरीव ओंडक्यातून कोरून काढलेला, बुडाशी सपाट, मध्ये पोटासारखा फुगीर आणि वर खांद्याशी निमुळता. उंचीला वीतभर. वजनाला पाण्यानं भरलेल्या किटलीएवढा.

आधीच सांगून टाकतो, मी मुळातच काळजीखोर आहे. लाकडाला कसली आली काळजी, असं तुम्ही म्हणाल. पण ज्याला स्वतःहून तसूभर हलता येत नाही, त्याचा सगळा जीव दुसऱ्याच्या हातात असतो. चुलीजवळ ठेवलं तर तडा जाईल, दाराशी ठेवलं तर ओल लागेल, लहान मुलांच्या हातात दिलं तर विचारूच नका. पंचाहत्तर-ऐंशी वर्षं मी हेच करत आलोय. पण गेल्या डिसेंबरात जे झालं, तसा जीव टांगणीला कधी लागला नव्हता.

मला कोरलं साबाटिसनं. आमचं गाव सिपायिक, इथल्या मूळनिवासींची वस्ती, खाडीच्या काठावर. थंडीत समुद्र खवळला की होड्या बाहेर पडायच्या नाहीत, आणि बसून राहणं साबाटिसच्या अंगात नव्हतं. त्यानं वाकड्या सुरीनं तीन आठवडे मला कोरलं आणि बायकोच्या मांडीवर आणून ठेवलं. वर बजावलं, "पोटापर्यंत याच्या अंगावर वीण. मग याला काढ नि समोर ठेव. खांदा मोकळ्या हातानं आण."

हा आमच्याकडचा नियम आहे. मला खांदा दिलाय तो बघून आकार धरायला, अंगावर विणायला नव्हे. टोपलीचं तोंड माझ्या पोटापेक्षा अरुंद असतं. खांद्याचे फेरे माझ्या अंगावरच घातले, तर मी आत अडकलो म्हणून समजा. मग टोपली कापल्याशिवाय सुटका नाही. घरातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं.

साबाटिसच्या बायकोनं माझ्यावर किती टोपल्या विणल्या याची मोजदाद नाही. मग तिची थोरली मुलगी डेल्फिन विणू लागली. नवव्या वर्षी तिनं माझ्यावर पहिला फेरा घातला तेव्हा तो इतका सैल होता, की आईनं तो तीनदा उसवायला लावला. डेल्फिन चिडली, पण रडली नाही. तिचा हात पुढे असा बसला, की टोपली बघून गावातली माणसं म्हणायची, ही साबाटिसच्या डेल्फिनची.

मधली काही वर्षं वाईट गेली. टोपल्यांना कुणी विचारेना. डेल्फिन सार्डिनच्या कारखान्यात माशांची मुंडकी कापायला जाऊ लागली आणि मला मागच्या दाराला टेकण म्हणून लावलं. अकरा वर्षं मी दार उघडं धरून उभा होतो. तिच्या भावानं माझ्यावर ठेवून खिळे सरळ केले, त्याचे वण अजून माझ्या डोक्यावर आहेत. कुत्र्यानं काय केलं ते सांगत नाही.

मग दिवस फिरले. कारखाना बंद पडला आणि टोपल्यांना पुन्हा मागणी आली. डेल्फिननं मला दारातून उचललं, घासून धुतलं, तेल लावलं आणि म्हणाली, "चल, झोप पुरे झाली." तेव्हापासून दर डिसेंबरात नाताळच्या आधी विद्यापीठाच्या मोठ्या दालनात आमच्या लोकांचा बाजार भरतो, तिथं ती आणि मी बरोबर जातो. ती माझ्यावर सगळ्यांसमोर विणून दाखवते. लोक विचारतात, एका टोपलीला किती वेळ लागतो. ती सांगते, "हॉकीचा एक सामना नि दोन भांडणं."

आता ती एक्क्याऐंशीची आहे. तिच्याबरोबर असते रोंडा, तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली, तेव्हापासून रोंडाच तिचं सगळं बघते. रोंडा शाळेची बस चालवते, दोन घरं सोडून राहते आणि मावशीची प्रत्येक गोष्ट मनात टिपून ठेवते. दोघी एकमेकींना टोमणे मारल्याशिवाय चहा पीत नाहीत.

गेल्या दोन वर्षांत मावशी विसरू लागली. आधी लहानसहान. मग एकदा किटली चुलीवर जळून काळी झाली. एकदा तिनं रोंडाला गेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली, आणि दोघींनीही ती चूक ऐकू न आल्यासारखं केलं. मावशीचा मुलगा लॉरेन्स दूर कनेटिकटला असतो. तो दर आठवड्याला फोन करून एका संस्थेबद्दल सांगतो. तिथं म्हाताऱ्या माणसांची नीट काळजी घेतात, खोलीला मोठी खिडकी आहे, बाहेर बाग आहे. रोंडाचं त्याला एकच उत्तर असतं, "ती विणतेय ना? जोवर विणतेय तोवर ती ठीक आहे."

म्हणजे सगळं त्या विणण्यावर येऊन ठेपलं होतं. आणि विणणं माझ्यावर. मला काळजी वाटणार नाही तर काय?

त्यातून लाकूडही आता मिळेनासं झालंय. आमच्या टोपल्या तपकिरी अ‍ॅश या झाडाच्या. झाड पाडायचं, ओंडका कुऱ्हाडीच्या पाठीनं बडवायचा, म्हणजे वर्षावर्षाचा थर सुटा होतो. त्या थरांच्या पट्ट्या काढायच्या. पण जंगलात एक हिरवा भुंगेरा शिरलाय, तो या झाडांना आतून खातो. रोंडाच्या चुलतभावानं शरदात एक चांगला ओंडका आणला, तेव्हा तो म्हणाला, "जपून वापरा. पुढल्या वर्षीचं मी सांगू शकत नाही." मावशीनं त्याच ओंडक्याच्या पट्ट्यांतून बाजारासाठी बारा टोपल्या धरल्या होत्या.

चूक झाली ती बाराव्या टोपलीत.

डिसेंबरच्या सुरुवातीची दुपार होती. मावशी माझ्यावर विणत पोटापर्यंत आली होती. आता मला काढायचं, इतक्यात फोन वाजला. लॉरेन्स होता. तो खिडकीबद्दल बोलत राहिला आणि मावशी "हं, हं" करत राहिली. फोन ठेवून ती खिडकीबाहेर, आपल्याच खिडकीबाहेर, ओहोटीकडे बघत बराच वेळ उभी होती. मग येऊन खुर्चीत बसली, मला टोपलीसकट मांडीवर घेतलं आणि पट्टी खांद्यावर वाकवली.

मी आत ओरडत होतो. अहो, आधी मला काढा. पण लाकडाचं ओरडणं कोण ऐकणार? तिची बोटं इतकी सराईत आहेत, की ती मनाला न विचारता चालतात. एकेक फेरा आवळत गेला आणि माझ्यापुरता उजेड कमी होत गेला. काठावर सुगंधी गवताची वेणी बसली. गेल्याच आठवड्यात वेगळं विणून ठेवलेलं झाकण वर आलं. तिचे डोळे अधू आणि मी इतक्या वर्षांच्या हातांनी काळा पडलेला, त्यामुळे तोंडातून डोकावताना तिला आत नुसता अंधार दिसला असावा. माझं वजन तर तिच्या हातांना रोजचंच. "ही सगळ्यात छान झाली," ती स्वतःशीच म्हणाली आणि टोपली खोक्यात सरकवली.

खरा त्रास दुसऱ्या दिवशी सुरू झाला. बाजारासाठी सामान बांधताना मावशी मला शोधू लागली. चुलीमागे बघितलं. लाकडांच्या ढिगात बघितलं. पलंगाखाली वाकून बघितलं, मग वाकल्यावर उठता येईना म्हणून तिथंच जरा बसून राहिली. शेवटी तिनं फ्रीजही उघडून बघितला. मी तिच्यापासून चार हातांवर होतो. तिची पावलं माझ्यासमोरून इकडून तिकडे जात होती आणि मला काही करता येत नव्हतं. चार दिवस हे चाललं. रोंडा आली की मावशी शोधणं थांबवून भांडी पुसायला लागायची.

बाजाराच्या दिवशी पहाटे रोंडा गाडीत खोकी चढवत होती. शेवटच्या खोक्यातली टोपली उचलली आणि ती थबकली. झाकण काढलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

तिला एका क्षणात सगळं कळलं. पायरीवर बसली, तोंडावर हात ठेवला. मग गवताची एक वेणी घेऊन तिनं झाकण टोपलीला घट्ट बांधून टाकलं, दोन गाठी मारल्या आणि मला खोक्याच्या तळाशी ठेवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा तिचा हिशेब. मला घरीच ठेवायची सोय नव्हती, कारण आतून मावशीनं विचारलं, "बारा आल्या ना?"

"आल्या," रोंडा म्हणाली.

अडीच तासांचा रस्ता. एरवी या दोघी गाडीत सगळ्या गावाची उणीदुणी काढतात. त्या दिवशी कुणी बोलेना. बर्फावरून चाकं जात होती. बाजारात साचा कुठंय असं मावशीनं विचारलं तर काय सांगायचं, याची रोंडाला धास्ती. साचा कुठंय असं रोंडानं विचारलं तर काय सांगायचं, याची मावशीला धास्ती. दोघींच्या मध्ये मागच्या सीटवर मी, दोघींच्या धास्तीचं मूळ.

दालनात पोचलो. नेहमीची गर्दी, नेहमीची टेबलं. शेजारी लोरेटा होती, मण्यांचं काम विकणारी. ती नदीकाठच्या पेनोबस्कॉट जमातीची. मावशीची चाळीस वर्षांची मैत्रीण आणि तेवढ्याच वर्षांची प्रतिस्पर्धी. मावशी बसते न बसते तोच लोरेटा म्हणाली, "आली का खाऱ्या पाण्याची मंडळी? मला वाटलं भरतीत वाहून गेलात."

"तुमच्या नदीत वाहून जायला पाणी तरी आहे का?" मावशीनं परतवलं, पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

रोंडानं अकरा टोपल्या टेबलावर मांडल्या आणि मला टेबलाखाली कापडानं झाकून ठेवलं. बाजार भरवणाऱ्यांपैकी एक बाई येऊन गेली. विणून दाखवणार ना, म्हणून विचारलं. मावशी म्हणाली, यंदा बोटं दुखतात. रोंडा लगेच म्हणाली, हो हो, यंदा नकोच. दोघींनी एकदमच सुटकेचा श्वास टाकला आणि एकीच्याही ध्यानात आलं नाही, की दुसरीनं का टाकला.

दुपारी रोंडा मक्याचं सूप आणायला रांगेत गेली. ती दिसेनाशी झाल्यावर मावशीनं खुर्ची लोरेटाच्या टेबलाकडे सरकवली.

"लोरेटा, बाबांचा साचा माझ्याकडून हरवला."

"घरातच असेल कुठंतरी."

"घर पालथं घातलं. फ्रीजसुद्धा. मीच कुठंतरी ठेवला, आणि कुठं ते डोक्यातून गेलं." जरा थांबून ती म्हणाली, "रोंडाला सांगू नकोस. ती लॉरेन्सला सांगेल. आणि मग मला त्या खिडकीवाल्या खोलीत नेऊन ठेवतील."

लोरेटाकडे प्रत्येक गोष्टीवर टोमणा तयार असतो. तेव्हा मात्र तिनं नुसता मावशीचा हात धरला आणि चार दिवसांचं सगळं ऐकून घेतलं. मी त्या दोघींच्या पायांशी होतो. इतकं जवळ असून इतकं निरुपयोगी मला कधीच वाटलं नव्हतं, दाराला लावलं होतं तेव्हाही नाही.

आणि तेवढ्यात व्हिटकॉम्बबाई आल्या.

व्हिटकॉम्बबाई तीस वर्षं मावशीकडून दर बाजाराला एक टोपली नेतात. वय मावशीएवढंच. टेबलावरच्या अकराही टोपल्या त्यांनी हाताळल्या, नाक मुरडलं आणि वाकून थेट कापडाखाली हात घातला. चांगला माल दुकानदार खालीच लपवतात, असं म्हणत त्यांनी मला ओढून बाहेर काढलं.

मावशीला वाटलं, रोंडानं ही मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवलीय. ती खूश झाली. व्हिटकॉम्बबाई टोपली फिरवून फिरवून बघत होत्या. असा खांदा मी आजवर बघितला नाही, म्हणाल्या. सुबक का नसणार, त्याच्या आत मी होतो.

"पण जड आहे हो," त्या म्हणाल्या.

"तुमचं वय झालं, बाई," मावशी म्हणाली. "मागल्या वर्षी हीच हलकी वाटली असती."

लोरेटा हसली, व्हिटकॉम्बबाईही हसल्या. झाकणाच्या गाठी सुटेनात, तर मावशी म्हणाली, राहू द्या, घरी जाऊन सोडा. कागदात गुंडाळून पिशवीत घालून व्हिटकॉम्बबाई मला घेऊन निघाल्या. जाता जाता सांगून गेल्या, की ही काचेच्या कपाटात मधोमध ठेवणार.

काचेचं कपाट. मी कामाचा माणूस. माणूस नाही, पण कामाचा. मावशीला वाटणार साचा हरवला, रोंडाला वाटणार साचा गेला, आणि मी कुणाच्या तरी दिवाणखान्यात टोपली म्हणून शोभत राहणार. पिशवी हलत होती आणि प्रत्येक पावलागणिक मी सिपायिकपासून लांब जात होतो.

रोंडा सूप घेऊन आली. टेबलाखालचं कापड बाजूला पडलेलं तिनं बघितलं. हातातली भांडी तशीच लोरेटाच्या मण्यांवर ठेवून ती धावली. दाराशी, कोट अडकवतात तिथं, तिनं व्हिटकॉम्बबाईंना गाठलं.

ती टोपली परत हवी म्हणाली. व्हिटकॉम्बबाईंनी पिशवी छातीशी धरली. मी विकत घेतलीय, पैसे दिलेत. मग रोंडानं काही न बोलता गाठी सोडल्या आणि झाकण उचलून दाखवलं. व्हिटकॉम्बबाई आत डोकावल्या. तीस वर्षं टोपल्या बघणारी बाई. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

"डेल्फिनना ठाऊक आहे?"

"नाही. आणि कळूही द्यायचं नाही," रोंडा म्हणाली. "विणण्यात चुकलं हे तिला कळलं तर ती पुन्हा हात लावणार नाही. मग लॉरेन्सला मी काय सांगू?"

मागून लोरेटा आली होती, कोट न घालता, धापा टाकत. सूप तिच्या बाहीवर सांडलं होतं.

"वेडी आहेस का?" ती रोंडाला म्हणाली. "तुझी मावशी साचा हरवला म्हणून चार दिवस झोपलेली नाही. तुला कळू नये म्हणून भांडी पुसत बसते. मी शब्द दिला होता सांगणार नाही म्हणून, पण आता गेला तो शब्द."

रोंडाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. मावशीला लाज वाटू नये म्हणून तिनं मला लपवलं, आणि त्याच लपवण्यानं मावशी आपलं डोकं गेलं असं समजून आतल्या आत झुरत होती. रोंडानं मला उचललं. पैसे परत देते म्हणाली, पण व्हिटकॉम्बबाई ऐकायच्या मनःस्थितीत नव्हत्या. त्याही तिच्या मागून निघाल्या.

टोपली मावशीसमोर टेबलावर ठेवली. झाकण काढलं. मावशीनं तोंडातून हात आत घातला आणि तिची बोटं माझ्या डोक्यावरच्या खिळ्यांच्या वणांवर आली. तिथंच थांबली.

रोंडानं आणखी एक प्रयत्न केला. "मावशी, चूक माझी. तू त्या दुपारी फोनवर होतीस ना, तेव्हा मी बसले होते विणायला. मीच काढायला विसरले."

मावशीनं दुसऱ्या हातानं खांद्याचे फेरे चाचपले. एकेक, सावकाश.

"हे फेरे माझे आहेत," ती म्हणाली. "तुझा हात उजवीकडे ओढतो."

आजूबाजूचा बाजार चालू होता, कुठंतरी ढोल वाजत होता. "म्हणजे हरवला नव्हता," ती म्हणाली. पुन्हा तेच म्हणाली, जरा मोठ्यानं. आणि रडली. मी तिला नवव्या वर्षापासून ओळखतो, रडताना बघितलं ते त्या दिवशी.

डोळे पुसून तिनं कात्री मागितली.

रोंडा म्हणाली, नको. या ओंडक्याच्या पट्ट्या आता मिळायच्या नाहीत, ही तुझी सगळ्यात चांगली टोपली आहे. साचा दुसरा कोरून घेऊ. व्हिटकॉम्बबाईंनीही मान हलवली, त्यांना तर बघवतच नव्हतं.

"टोपली काय, मी परत विणीन," मावशी म्हणाली. "बाबा परत येणारायत का कोरायला?"

व्हिटकॉम्बबाईंनी काही न विचारता टोपलीचं बूड दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. मावशीनं काठापासून खाली पोटापर्यंत एका बाजूनं कापत आणलं. ओल्या अ‍ॅशचा आवाज वेगळा, वाळलेल्याचा वेगळा. वाळलेली पट्टी कापली जाताना चिडून बोलते. कात्रीचं टोक एकदा माझ्या खांद्यालाही लागलं. त्याचं काही वाटलं नाही. उजेड आला, वारा लागला, आणि मी मावशीच्या मांडीवर होतो.

व्हिटकॉम्बबाईंनी टेबलावरच्या अकरांतली एक घेतली. मावशी म्हणाली, "उचलून बघा बाई, आत काही नाही ना." कापलेल्या पट्ट्या मावशीनं फेकल्या नाहीत, त्या बांधून घरी नेल्या. त्यांतून झाडाला टांगायचे लहान तारे होतात.

परतीच्या रस्त्यात मी मावशीच्या मांडीवर होतो. वाटेतलं माचायस गाव मागे पडलं, तेव्हा मावशी म्हणाली,

"मी विसरते, रोंडा."

"माहीत आहे."

"मग सांगत का नाहीस?"

"तू तरी कुठं सांगितलंस?"

घर जवळ आल्यावर मावशी म्हणाली, लॉरेन्सला मीच सांगते, पण माझ्या पद्धतीनं. तिनं सांगितलंही. तो काय म्हणाला ते मला कळलं नाही, कारण ती फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेली होती. उन्हाळ्यात येतो म्हणालाय एवढं खरं. उन्हाळ्यात काय ठरेल, मला ठाऊक नाही. त्याची काळजी आतापासूनच सुरू आहे.

सध्या जानेवारी आहे. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर असतो, खांद्यावर कात्रीचा नवा ओरखडा घेऊन. दोघींनी एक रीत ठरवलीय. मावशी विणते, रोंडा समोर बसते. पोट आलं की रोंडानं म्हणायचं, "मावशी, काढ." मावशी म्हणते, "दिसतंय मला." कधी तिचा हात आधीच माझ्यावर आलेला असतो. कधी पहिली पट्टी आत वळायला लागलेली असते. कधी काय असतं, हे मी कुणाला सांगत नाही.

तुम्हाला मी काय सांगणार, मी एक लाकडाचा ठोकळा. पण तुमच्या घरात कुणी विसरायला लागलं असेल, तर लपवू नका एवढीच विनंती आहे. तुम्ही लपवता, तेही लपवतात, आणि मधल्यामध्ये कुणीतरी अडकून पडतं. जवळ बसा. वेळ आली की सांगा. रागावतील थोडं, रागावू द्या.

काल इथं बर्फाचं वादळ होतं. शाळेच्या बसला उशीर झाला, त्यामुळे रोंडालाही. मावशी एकटीच विणत होती. फेरे चढत चढत माझ्या पोटापर्यंत आले. घरात सांगायला कुणी नव्हतं.

मावशी थांबली. पट्टी बोटांत धरून तिनं माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं. मला काढलं नाही. पुढचा फेराही घातला नाही. पट्टी वाळू नये म्हणून तिच्यावर ओलं फडकं टाकलं, हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिली. बाहेर अंधारून आलं. तिनं दिवा लावला आणि पुन्हा येऊन तशीच बसली. तासाहून जास्त वेळ झाला असेल.

रोंडा बुटांवरचं बर्फ झटकत आत आली, टेबलाकडे बघितलं आणि म्हणाली, "मावशी, काढ."

"केव्हाची वाट बघतेय," मावशी म्हणाली आणि तिनं मला बाहेर काढलं.